खिडकीच्या ग्रिलमधली मिरची: पेरण्यापासून बरणीपर्यंत

भर पावसात मिरची पेरू नका. मुंबईच्या जुलैत कुंडी दिवसेंदिवस चिंब राहते आणि कोवळी मुळं कुजतात. सप्टेंबरअखेर बी टाका; लवंगी आणि ज्वाला कुंडीत छान येतात. चार-सहा पानं आली की १० ते १२ इंची कुंडीत हलवा. ग्रिलवर रोज पाच-सहा तास ऊन हवंच. उत्तरेची खिडकी असेल तर मिरचीचा हट्ट सोडा, पुदिना लावा.

खरी काळजी बोकड्या रोगाची. पानं आकसून वाटीसारखी होतात. फुलकिडे आणि कोळी या बारीक किडी रस शोषतात, पांढरी माशी विषाणू पसरवते. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पानं उलटून बघा. कीड दिसताच लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. विषाणू लागलेलं झाड बरं होत नाही. जीव तुटला तरी उपटा, शेजारची वाचतील. युरियाही जपून, नाहीतर झाड नुसतं पानांनीच माजतं.

लवंगी ठेच्याला ठेवा. सांडगीसाठी ज्वाला घ्या: धुऊन कोरडी पुसा, चीर देऊन मीठ, धने-जिरेपूड, मेथी, हिंग भरा आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळवा. आपली हवा दमट, बुरशी पटकन धरते. तिन्हीसांजेआधी ताटं आत घ्या. मिरची कटकन मोडली की कोरड्या बरणीत भरा. हे सगळं मे संपायच्या आत उरका.