काथ्या-प्लास्टिकचा पत्रा आणि केळीचं खोड

घरबांधणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. मूळ घर कौलारू. मागची पडवी आणि गोठा यांवर सिमेंटचे पत्रे होते, ते निसर्ग वादळात फुटले. नंतर घातलेले लोखंडी पत्रे खाऱ्या हवेनं खाल्ले. आता एक विक्रेता काथ्या आणि प्लास्टिक यांचा दाबून केलेला पत्रा दाखवतो आहे. म्हणतो, गंजत नाही, तापत नाही, पंचवीस वर्षं बघायला नको. पडवीच्या एका टोकाला न्हाणीची चूल आहे. घ्यावा का?
– एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : गोठ्यावर जरूर घाला. चुलीच्या टोकाला मुळीच घालू नका. आणि पंचवीस वर्षांची बोली बिलावर लिहून मागा.

गंजत नाही हे खरं. तापत नाही हेही बऱ्यापैकी खरं. ऊन लागलं की वरून तापतो, पण लोखंडासारखी आच खाली सोडत नाही आणि पावसाचा ताशाही वाजत नाही. गुरांना याचा फायदा होईल. पण विक्रेता जे सांगत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे.

या पत्र्यात धागा ताठपणा देतो आणि प्लास्टिक त्याला बांधून ठेवतं. अडचण अशी की धागा पाणी ओढतो आणि प्लास्टिक पाण्याला दूर ठेवतं, म्हणून दोघं एकमेकांना सहजी धरत नाहीत. चांगला कारखानदार काथ्या कॉस्टिक सोड्यात धुतो, खडखडीत वाळवतो आणि मिश्रणात मलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेलं प्लास्टिक थोडंसं घालतो. त्यामुळे धागा आणि प्लास्टिक यांची पकड बसते. ज्यानं हा खर्च वाचवला त्याचा पत्राही दुकानात तितकाच सुंदर दिसतो.

फरक कळतो तो कापलेल्या कडेला. एक तुकडा मी पाण्यात ठेवून पाहिला, तेव्हा त्याची वरची बाजू नव्यासारखी चकचकीतच राहिली. करवत लागलेल्या कडेला मात्र काथ्याची तपकिरी टोकं फुगून वर आली होती आणि नखानं खरवडली की सुटत होती. कड हाताला खरबरीत लागत होती, मधला भाग गुळगुळीत. तुम्हीही विक्रेत्याकडून वीतभर तुकडा मागा. चारही कडा कंपनीनं बंद केलेला नमुना नको, तुमच्यासमोर कापलेला हवा. सोनाराच्या काट्यावर वजन करा, व्हर्नियरनं (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरनं) कडेची जाडी मोजा आणि आठवडाभर बादलीत बुडवून ठेवा. पुसून पुन्हा मोजा. वजन थोडं वाढणारच. पण कड फुगली असेल, धागे सुटत असतील, तर तो माल कोकणातल्या पावसात टिकणार नाही.

स्क्रूसाठी पाडलेलं प्रत्येक भोक हीसुद्धा एक कापलेली कडच असते. पाणी तिथूनच आत शिरतं. म्हणून भोकं पन्हळीच्या तळाला पाडायची नाहीत, माथ्यावर पाडायची. वर रबरी वॉशर हवाच, आणि कापलेल्या कडांना, विशेषतः पागोळ्या पडतात त्या खालच्या कडेला, बसवण्याआधी जलरोधक रंगाचे दोन हात द्या. हे काम वर चढल्यावर कुणी करत नाही. जमिनीवरच करून घ्या.

दुसरी गोष्ट वाशांची. प्लास्टिकचा पत्रा सतत भार घेऊन हळूहळू खाली बसतो आणि उन्हात जास्तच. सिमेंटच्या पत्र्याला साडेचार फुटांवर आधार चालून जायचा. त्याच जुन्या सांगाड्यावर हा पत्रा टाकलात तर दोन उन्हाळ्यांत पोट सुटेल आणि त्या खोलगट भागात पाणी साचेल. मधे रिपा वाढवा, दोन फुटांच्या आसपास आधार येऊ दे. तो खर्च पत्र्याच्या भावात धरा, मगच लोखंडाशी तुलना करा.

वादळाचं तुम्हाला मी काय सांगू? ३ जून २०२० रोजी तुमच्याच किनाऱ्यावर ते चढलं. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो, आणि त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो तो कडांना आणि कोपऱ्यांना. हलक्या पत्र्याला हे आणखीच लागू. तेव्हा खालची कड, माथा आणि दोन्ही बाजू इथे प्रत्येक पन्हळीवर स्क्रू मारा. मधे एकाआड एक चालेल. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, नाहीतर पत्रा राहील आणि स्क्रू गंजून जाईल.

आता चूल. पत्र्यातलं प्लास्टिक पॉलिएथिलीन असेल तर ते १३० अंशांच्या आसपास वितळतं, पेटलं की थेंब थेंब खाली गळतं आणि तो थेंबही जळत असतो. आत काथ्या आहे, तोही जळणच. न्हाणीवर कौलंच राहू द्या. पेंढा भरता त्या माळ्यावरही मी हा पत्रा घालणार नाही.

वनस्पतीच्या धाग्याचा प्रत्येक पत्रा असाच वितळतो असं मात्र नाही. बांबूच्या चटयांना फिनॉलिक रेझिन (तापवल्यावर कडक होणारा चिकट राळेसारखा पदार्थ) पाजून, गरम दाबाखाली केलेला पन्हळी पत्रा बंगळुरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेनं आणि बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या बांधकाम साहित्याच्या परिषदेनं मिळून विकसित केला. त्याला आयएस १५४७६ हे भारतीय मानक आहे. ते रेझिन एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. बांगलादेशात मुबारक अहमद खान यांनी ताग आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा ‘ज्यूटिन’ नावाचा पत्रा केला, तोही याच जातीचा. मानक असलेला बांबूचा पत्रा मिळत असेल तर मी आधी तो बघेन. विक्रेत्याला सरळ विचारा : यातलं प्लास्टिक तापवलं तर पुन्हा वितळतं का?

जाता जाता, फुटलेले सिमेंटचे पत्रे अजून परसात पडले असतील तर त्यांना हातोडा लावू नका, कापू नका, भर म्हणून वाटेत टाकू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की कर्करोगाचं कारण होते. पाण्यानं भिजवा, मास्क लावा, अख्खे उचलून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि कुठे द्यायचे ते ग्रामपंचायतीला विचारा. पोरांना तिथे खेळू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : असेच पत्रे आम्ही शेडवर घातले. मे महिन्यात मधेच फुगवटे आले, दोन ठिकाणी स्क्रूपाशी चिरले. फॅब्रिकेटर म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो काम खराब. शिवाय आमच्याकडे केळीची खोडं बांधावर कुजतात, त्यांच्या धाग्याचे पत्रे होतील का?
– एक शेतकरी, जळगाव जिल्हा

उत्तर : फुगवटे स्क्रूंच्या मधे आणि चिरा स्क्रूपाशीच असतील तर मला दुकानदाराचं पटतं. जळगावच्या उन्हात पत्र्याचं अंग पहाटे २५ अंश आणि दुपारी ६५ अंश असू शकतं. एवढ्या फरकानं तीन मीटरचा लोखंडी पत्रा दीड मिलिमीटरच वाढतो, हा पत्रा पाच-सात मिलिमीटर. लोखंडासारखा आवळून बसवला की त्याला वाढायला जागा राहत नाही, मग तो वर उचलला जातो किंवा चिरतो. मधली रांग घट्ट ठेवा. बाकीची भोकं स्क्रूपेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठी करा, वर रुंद वॉशर द्या, स्क्रू टेकेल इतकाच आवळा. चिरलेले पत्रे मात्र बदलावे लागतील.

केळीच्या धाग्याचे पत्रे होतात. तो काथ्यापेक्षा ताणाला चिवट आहे, पण काथ्यात लिग्निन, म्हणजे धाग्याला कडक ठेवणारा आणि सहजी कुजू न देणारा घटक, चाळीस टक्क्यांच्या वर असतं, केळीच्या धाग्यात त्याच्या मानानं फारच कमी, म्हणून तो ओलाव्यात लवकर कुजतो. नीट वाळवला नाही तर गरम प्लास्टिकमध्ये वाफ होऊन आत पोकळ्या राहतात. आणि २०० अंशांच्या आसपास धागाच करपायला लागतो, त्यामुळे त्याआधीच वितळणारं प्लास्टिक लागतं, वाटेल ते चालत नाही. स्वतः पत्रे काढायच्या भानगडीत एकट्यानं पडू नका. गावात खोडापासून धागा काढायचं यंत्र चारपाच जणांनी मिळून घ्या आणि धागा वाळवून विका. छपरापेक्षा आतली विभाजनं, दारांच्या फळ्या, छताखालचे तक्ते यांना तो जास्त शोभेल, कारण तिथे पाऊस लागत नाही.