या वयात हे बरं दिसतं का?

"मॅडम, माझं डोकं फिरलंय का, तेवढं सांगा," खुर्चीच्या कडेवर अवघडून बसत ताई म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय 52. पिंपरीत एका मेसमध्ये पोळ्या लाटतात. कारखान्यात कामाला असलेला नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घरात मुलगा-सून आहेत, पण बोलणं होतं ते भाजी, गॅस आणि लाइटबिलापुरतं.

शेजारच्या सोसायटीत रात्रपाळी करणारे एक विधुर वॉचमन ड्यूटी सुटली की मेसवर चहा प्यायला येतात. एकदा तव्यावर ताईंचा हात भाजला. त्यांनी मेडिकलमधून मलम आणून दिलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "हात कसा आहे?" हे सांगताना ताई रडायला लागल्या. त्याच भाजल्या हाताने त्यांनी घरी आठवडाभर स्वयंपाक केला होता, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"हे प्रेम आहे, की नुसती एकटी पडलेय म्हणून असं वाटतं?" पन्नाशीनंतर हा प्रश्न हमखास येतो. पंचविशीतल्या कुणाला आपण तो विचारत नाही, मग यांनीच एवढा खुलासा का द्यायचा? मी वेगळं विचारलं: ते पैसे मागतात का? तुमचा राग सहन करतात का? स्वतःचं दुःख सांगतात का? पैसे कधीच मागितले नव्हते. बाकी दोन्हींना ताईंनी होकारार्थी मान हलवली.

लोकांपेक्षा मोठी भीती निराश्रित होण्याची होती. तिथे धीर देऊन भागत नाही, नियमच सांगावे लागतात. नवऱ्याच्या पीएफवरून, म्हणजे ईपीएस-95 (कर्मचारी पेन्शन योजना, 1995) खाली मिळणारी विधवा पेन्शन पुनर्विवाह केला की बंद होते. ती किमान 1000 रुपयेच असली तरी ताईंचा औषधाचा खर्च त्यातूनच निघतो. मात्र नवऱ्याच्या नावावरच्या खोलीत 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांना मुलाइतकाच वाटा मिळालाय. लग्न केलं म्हणून तो जात नाही. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या.

लग्नाची घाई करू नका, पण लपवूही नका, असं मी सुचवलं. त्यांनी आधी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मला अंदाज होता, आई." मुलाने मात्र बोलणं टाकलंय. पुढच्या आठवड्यात तो एकटाच भेटायला येणार आहे. त्याचंही ऐकायला हवं. वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.