गावच्या जिल्हा परिषद शाळेला माजी विद्यार्थ्यांतर्फे दहा संगणक द्यायचे आहेत. कोणते घ्यावेत?

वर्गणी जमली आहे, गावात उत्साह आहे आणि आता फक्त खरेदी उरली आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझा सल्ला असा की दहा घेऊ नका, पाच घ्या. उरलेले पैसे शाळेच्या नावाने पुढच्या तीन वर्षांसाठी राखून ठेवा. मित्रांबरोबर मी बरीच वर्षं अशा शाळांमध्ये संगणक बसवायला आणि दुरुस्त करायला जातो, आणि बंद पडलेल्या संगणक खोल्या उघडल्या की यंत्र वाईट होतं म्हणून प्रयोग फसला असं क्वचितच दिसतं.

जगातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण पेरू देशाचं. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकी संगणकतज्ज्ञ निकोलस नेग्रोपाँटे यांची योजना तिथल्या सरकारने उचलून धरली आणि आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने ग्रामीण भागातल्या 319 शाळा तपासून 2012 साली निष्कर्ष मांडले. मुलांना यंत्र हाताळता येऊ लागलं होतं, तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडी प्रगतीही होती, पण गणित आणि भाषेत काहीही फरक पडलेला नव्हता. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं आणि शिक्षकांना धड्यात ते यंत्र कसं वापरायचं हे नीट कुणी शिकवलं नव्हतं. याच लॅपटॉपचा एक छोटा प्रयोग 2007 मध्ये आपल्याकडे कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या शाळेतही झाला होता.

केरळने उलट्या टोकाने सुरुवात केली. तिथे 2001 मध्ये 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प उभा राहिला, शिक्षकांचं प्रशिक्षण हा त्याचा कणा होता आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरल्यामुळे परवान्यांवरचा खर्च वाचला. 2018 पासून 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट तिथल्या शाळांत आहेत. ती मुलं अ‍ॅनिमेशन, हार्डवेअर आणि मल्याळम टायपिंग शिकतात आणि शाळेतल्या यंत्रांची देखभाल करायला मदत करतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शिक्षकाची बदली होते, मुलं गावातच असतात.

आता तुमच्या शाळेकडे येऊ. पहिला प्रश्न विजेचा. पट तीसपर्यंत असेल तर शाळेला वर्षाला 10,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातच खडू, डागडुजी, साफसफाई आणि वीजबिल. बिल थकलं की वीज तोडतात, मग तुमचे संगणक पंख्यांसकट बंद. त्यामुळे बिल कोण भरणार हे ग्रामपंचायतीशी आधीच बोलून लेखी घ्या. अर्थिंग तपासून घ्या. आम्ही एका शाळेत गेलो तेव्हा सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मुलं माऊसही घाबरत धरायची आणि बाईंनी सरळ खोलीला कुलूप लावलं होतं. शाळेमागे तांब्याची पट्टी पुरून, कोळसा-मीठ घालून नवीन अर्थिंग केलं तेव्हा ती खोली पुन्हा सुरू झाली. शक्य असेल तर डेस्कटॉपऐवजी कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप घ्या आणि त्यात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकून घ्या. बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी तास बुडत नाही आणि यूपीएसचा खर्चही वाचतो.

दुसरी गोष्ट कुलपाची. देणगीत आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढते आणि ती हरवली किंवा फुटली तर जबाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. साहजिकच यंत्रं कपाटात जातात. त्यात माणसाचा दोष नाही. देताना पत्रातच स्पष्ट लिहा की वापरताना काही बिघडलं तर दुरुस्ती माजी विद्यार्थी करतील, शाळेवर भार येणार नाही. बाजूला ठेवलेले पैसे याचसाठी. या एका पत्राने कपाटं उघडलेली मी पाहिली आहेत.

आणि पाचांपैकी एक संगणक राजीखुशीने ऑफिसला द्या. यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवरची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सगळं ऑनलाइन भरायचं असतं आणि दोनशिक्षकी शाळेत त्यात तासन् तास जातात. तो वेळ वाचला तर शिक्षकच मुलांच्या बाजूने उभे राहतील.

उरलेल्या चारांवर दोन-दोन, तीन-तीन मुलं बसली तरी चालतं. एक टाइप करतं, दुसरं चुका काढतं आणि दोघंही शिकतात. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाका. कोलिब्री (धडे आणि सरावाचं सॉफ्टवेअर) आणि किविक्स (वेबसाइट उतरवून वाचायचं सॉफ्टवेअर) ही दोन्ही मोफत आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात. किविक्सवर अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. पण सुरुवात मराठी टायपिंगने करा, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कीबोर्डने. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे बाराखडी येणाऱ्या मुलाला ते लवकर उमगतं. तिसरीतल्या मुलीने स्वतःचं नाव, मग आईचं नाव, मग आपल्या शेळीबद्दल चार ओळी लिहिल्या की वाचन, लेखन आणि संगणक वेगवेगळे शिकवावे लागत नाहीत.

शाळा चौथीपर्यंत आहे की सातवीपर्यंत, पट किती आणि शिक्षक किती, एवढं प्रतिसादात लिहा. त्यावरून कोणते लॅपटॉप आणि साधारण किती रक्कम राखून ठेवावी ते सांगता येईल. खरेदीची ऑर्डर मात्र शिक्षकांशी बसून बोलल्याशिवाय देऊ नका.