उंदराच्या मादीला ‘रजोनिवृत्ती’ म्हणावं का?

नागपूरच्या एका प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: वयस्क उंदीरमाद्यांच्या (रॅटच्या) मेंदूतल्या आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या संप्रेरकांवर मराठीत लिहिताना ‘मेनोपॉज’साठी ‘रजोनिवृत्ती’ चालेल का?

नाही चालणार. उंदराच्या मादीचं रज जातच नाही, मग निवृत्ती कशाची? तिचं चक्र 4-5 दिवसांचं, तेव्हा ‘मासिक पाळी’ही बाद. नेमका शब्द ‘मदचक्र’; मद म्हणजे मादी समागमाला तयार असते तो काळ, इंग्रजीत ‘इस्ट्रस’. गाय ‘माजावर आली’ म्हणतात, तोच हा माज: संस्कृत माद्यति, प्राकृत मज्जइ, मराठी माजणे. मद आणि माज, दोन्हींत गर्वाचाही अर्थ आहेच. ‘इस्ट्रस’च्या मुळाशी तर ग्रीक गोमाशी आहे, ती डसली की गुरं उधळतात.

खरी गोची पुढे आहे. बाईच्या अंडाशयातली बीजपुटकं (बीज वाढवणाऱ्या पिशव्या) संपत येतात, इस्ट्रोजेन घसरतं आणि अंडाशयाला चालवणारी पिट्युटरीची एलएच, एफएसएच ही संप्रेरकं चढतात. उंदरात आधी मेंदू थकतो. साधारण 9 ते 12 महिन्यांच्या वयात चक्र बिघडू लागतं. मदाच्या आदल्या दुपारी उसळणारी एलएचची लाट उशिरा येते आणि बुटकी येते, कारण अधश्चेतकातल्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या) किसपेप्टिन पेशी इस्ट्रोजेनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत आणि त्यामुळे पिट्युटरीला एलएच सोडायला लावणाऱ्या जीएनआरएच पेशी पुरेशा चेतत नाहीत. लाट नाही तर बीज सुटत नाही. पुटकं फुगून राहतात, इस्ट्रोजेन स्रवतच राहतं. योनिस्रावाच्या काचपट्टीवर रोज त्याच केंद्रक नसलेल्या, चपट्या पेशी दिसतात. ही ‘सतत मद’ अवस्था. तिला ‘निवृत्ती’ म्हटलं की अर्थच उलटतो. इथे माज उतरतच नाही!

पुढे अनेकींत वारंवार ‘आभासी गर्भावस्था’ (गर्भ नसताना गर्भार असल्यासारखी अवस्था) येते, शेवटी ‘मदाभाव’, म्हणजे माज येणंच थांबतं. दरम्यान मेंदूतल्या डोपामिनचा लगाम सैल पडल्याने प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचं दुधाचं संप्रेरक वाढतं, पिट्युटरीत गाठीही होतात.

गोठ्यातले सगळेच शब्द मात्र उचलू नयेत. ‘भाकड’ म्हणजे दूध आटलेली. ती गाभणही असू शकते. ‘मुका माज’ तर ‘सतत मदा’च्या अगदी उलट: बीज सुटतं, पण लक्षणं दिसत नाहीत.

एकूण प्रक्रियेला ‘प्रजनन-वार्धक्य’ म्हणा. आणि पहिल्याच उल्लेखात ‘रॅट’ असं स्पष्ट लिहा, कारण मराठी ‘उंदीर’ रॅटलाही चालतो आणि माऊसलाही.