इंजिन दुसऱ्या गॅरेजमध्ये खोलण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की अठरा वर्षे जुन्या डिझेल व्हॅनचे हेड गॅस्केट (सिलिंडर असलेला इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ पत्रा) बदलून घेतल्यावर सहाशे किलोमीटरच्या आत ती पुन्हा गरम होऊ लागली, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कुठेही गळताना न दिसता कमी होत आहे, आणि गॅरेजवाले ‘गाडी जुनी आहे, आता दुसरे काहीतरी गेले असेल’ एवढेच सांगत आहेत. उद्या गाडी ओढून दुसऱ्या मेकॅनिककडे नेऊन हेड खोलायचे, असा आपला विचार आहे. तेवढे एक उद्या करू नका, असे मी कळकळीने सांगतो. मी नेमके तेच केले होते आणि माझे सर्वांत मोठे नुकसान त्यातूनच झाले.

मी मेकॅनिक नाही आणि वकीलही नाही. तक्रारीचे नियम आणि मुदती जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून त्या बाबतीत स्थानिक सल्ला अवश्य घ्या. हेड गॅस्केट का जळते हे आपल्याला ठाऊक असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझ्या व्हॅनचे काम झाल्यावर तीन आठवड्यांत तापमानाचा काटा वर जाऊ लागला. सकाळी इंजिन पूर्ण थंड असतानाही रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक लागे. संतापाच्या भरात मी पहिल्या गॅरेजला फक्त एक फोन केला, त्यांनी टाळाटाळ केल्यावर गाडी दुसरीकडे नेली आणि ‘खोलून बघा’ असे तोंडी सांगून घरी आलो. दुसरा मेकॅनिक प्रामाणिक आणि कामात तरबेज होता. त्याने त्याच संध्याकाळी हेड काढले, आणि दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा ब्लॉकचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ झालेला होता, जुने गॅस्केट कचऱ्यात गेले होते आणि हेड बोल्ट भंगाराच्या डब्यात इतर बोल्टांमध्ये मिसळले होते. त्याने जे पाहिले ते मला नीट समजावून सांगितले: दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली गॅस्केटची पट्टी जळाली होती, बोल्ट जुनेच पुन्हा वापरलेले होते, आणि हेड फेस करून (यंत्रावर घासून सपाट करून) आणल्यावर पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे न मोजताच गॅस्केट निवडलेले दिसत होते. पुष्कळ डिझेल इंजिनांत गॅस्केट वेगवेगळ्या जाडींचे मिळते, त्याच्या कडेवरच्या खाचांवरून किंवा छिद्रांवरून ती जाडी ओळखतात आणि त्या मोजमापावरूनच ती ठरवायची असते. त्याचे म्हणणे खरे होते याबद्दल मला आजही शंका नाही, पण त्यातली एकही गोष्ट दाखवण्यासाठी माझ्या हातात उरली नव्हती.

पहिल्या गॅरेजचे उत्तर एका वाक्यात आले: ‘आम्ही इंजिन बांधून दिले तेव्हा ते ठीक होते, नंतर कोणी काय केले ते आम्हाला माहीत नाही.’ ते चुकीचे आहे हे मला माहीत होते, तरी ते खोडून काढण्याचे साधन मी स्वतःच नष्ट होऊ दिले होते.

त्यानंतर मी ज्या तक्रार कार्यालयात गेलो त्याचे नाव घेत नाही. तिथे अर्ज घेतला, पोच दिली, आणि पाच आठवड्यांनी ‘तांत्रिक अहवाल जोडलेला नाही’ म्हणून तो परत केला. मी दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी अहवाल आणला, तर तो दुरुस्ती करणाऱ्यानेच दिलेला असल्यामुळे तटस्थ नाही असे ठरले. तिसऱ्या खेपेला मूळ सुटे भाग मागितले. या तीनही गोष्टी लागणार हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर मी निदान भंगाराचा तो डबा उपसला असता. ज्या माणसाची कमाईची गाडी बंद पडली आहे, त्याला असे हप्त्याहप्त्याने अटी सांगणे हा मला अन्याय वाटतो आणि इतक्या वर्षांनंतरही त्याची चीड कमी झालेली नाही.

म्हणून आता पहिले काम म्हणजे गाडी चालवणे पूर्ण थांबवा. ॲल्युमिनियमचे हेड पुन्हा पुन्हा तापले की वाकते, आणि मग ‘गरम होत असतानाही तुम्ही चालवली’ हा आक्षेप समोरच्याला फुकट मिळतो. गाडी हलवायची असेल तर ओढून न्या आणि त्या पावतीवर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या.

दुसरे, पहिल्या गॅरेजला लेखी कळवा. पत्र लहान ठेवा: काम कधी झाले, तेव्हा आणि आता किलोमीटर किती, कोणती लक्षणे दिसतात, आणि अमुक दिवसांत स्वखर्चाने तपासून दुरुस्त करावे अशी मागणी. ‘फसवणूक’ हा शब्द वापरू नका, कारण हेतू सिद्ध करण्याचे ओझे आपण विनाकारण अंगावर घेता. सदोष काम एवढेच म्हणणे पुरेसे असते. अनेक जण म्हणतील की ज्याने बिघडवले त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये. माझे मत उलट आहे. एक संधी लेखी द्यावीच, कारण चांगले गॅरेज ती घेते, आणि वाईट गॅरेजने दिलेला नकार किंवा बाळगलेले मौन पुढे आपल्याच कामी येते.

तिसरे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे आहे: हेड न खोलता जेवढे तपासता येते तेवढे अशा माणसाकडून तपासून घ्या ज्याला पुढचे दुरुस्तीचे काम मिळणार नाही. कूलिंग सिस्टिमला पंपाने दाब देऊन तो टिकतो का, हे इंजिन सुरू न करताच पाहता येते. कूलंटच्या टाकीच्या तोंडाशी धरण्याच्या रासायनिक चाचणीसाठी इंजिन थोडा वेळ चालवावे लागते. जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातला निळा द्रव हिरवट किंवा पिवळा होतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना तयार होणारा दाब, मोजल्यावर शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आले, तर मधली पट्टी गेल्याचा तो बळकट संकेत असतो. प्रत्येक आकडा तारीख आणि सहीसह कागदावर हवा. ‘गॅस्केट गेलेले दिसते’ अशा मोघम वाक्याचा काहीही उपयोग होत नाही.

इथे गॅरेजच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गॅस्केट जळणे हा बहुतेक वेळा परिणाम असतो. मूळ कारण अर्धवट तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) किंवा झिजलेला वॉटर पंप असू शकते. तपासणीत असे काही निघाले आणि ते बदलण्याचा सल्ला त्यांनी आपल्याला लेखी दिलेला असेल, तर आपली बाजू लंगडी पडते. पण मूळ कारण न शोधताच नवे गॅस्केट बसवले असेल, तर ‘गाडी जुनी आहे’ ही सबब मला मान्य नाही. गाडी किती जुनी आहे हे काम हाती घेतानाच त्यांना दिसत होते.

खोलण्याची वेळ आलीच, तर दिवस आणि वेळ ठरवून पहिल्या गॅरेजला हजर राहण्याचे लेखी निमंत्रण द्या आणि स्वतः शेवटपर्यंत तिथे थांबा. ऑइल काढण्याआधी त्याचा एक नमुना स्वच्छ बाटलीत भरून, तारीख लिहून, बंद करून ठेवा. त्यात कूलंट उतरले आहे का हे प्रयोगशाळेत कळते. हेड उचलताच, कोणीही कापड किंवा खरवडायची पत्री लावण्यापूर्वी, ब्लॉक, हेड आणि गॅस्केटच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. गॅस्केट न दुमडता दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. बोल्टांवर क्रमांक घाला आणि मोजपट्टीशेजारी ठेवून त्यांचा फोटो काढा. स्ट्रेच प्रकारचे बोल्ट टॉर्क रेंचने ठरावीक जोरापर्यंत आवळून मग ठरलेल्या अंशांत फिरवायचे असतात. त्या कामात ते कायमचे ताणले जातात, म्हणूनच बहुतेक उत्पादक ते दुसऱ्यांदा वापरू नयेत असे सांगतात. उत्पादकाने दिलेल्या कमाल लांबीपेक्षा लांब बोल्ट निघाला, तर वाद घालायला फार जागा राहत नाही.

पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे हरकत घेण्याची मुदत आजच विचारून घ्या, कारण ती मुदत कोणासाठीही थांबत नाही. बिल अजून बाकी असेल आणि गाडी अडवून ठेवली असेल, तर पैसे ‘हरकत राखून’, म्हणजे तक्रारीचा हक्क न सोडता, देत आहोत असे पावतीवर लिहून द्या.

हे सर्व करण्याआधी आपले पहिले बिल काढून त्यात हेड बोल्टची वेगळी ओळ आहे का ते पाहा, आणि कामातून निघालेले जुने भाग त्यांनी परत दिले होते का तेही कळवा. माझ्या बिलात गॅस्केट होते, कूलंट होते, हेड फेसिंग होते. बोल्ट नव्हते, आणि ते माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.