न्यूटन शाळेत खरोखरच ‘ढ’ होता का?

प्रश्न : आयझॅक न्यूटन शाळेत अभ्यासात अगदी मागे होता आणि एका मुलाशी झालेल्या मारामारीनंतर तो हुशार झाला, असे मुलांना नेहमी सांगितले जाते. यात तथ्य किती? शिवाय त्याच्या जन्माच्या दोन तारखा वाचायला मिळतात. त्यांतली खरी कोणती?

उत्तर : आधी तारखांविषयी. न्यूटनचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातल्या वुल्सथॉर्प या खेड्यात झाला. त्या वेळी इंग्लंडमध्ये जुने ज्युलियन कॅलेंडर चालत होते आणि त्यानुसार तो दिवस २५ डिसेंबर १६४२, म्हणजे ऐन नाताळचा होता. युरोपातील अनेक देशांनी तोवर स्वीकारलेले ग्रेगोरियन कॅलेंडर दहा दिवस पुढे होते, त्यामुळे त्यात हीच तारीख ४ जानेवारी १६४३ अशी येते. दोन्ही तारखा बरोबर आहेत. मात्र ‘ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे मोठ्या आवडीने सांगितले जाणारे वाक्य एकाची तारीख एका कॅलेंडरातून आणि दुसऱ्याची दुसऱ्यातून घेतल्याखेरीज जुळत नाही.

मारामारीची हकिकत न्यूटनच्या भाचीचे पती जॉन काँड्युइट यांनी नोंदवून ठेवली आहे. ग्रँथमच्या शाळेत न्यूटनचा क्रमांक बराच खाली होता; वरच्या क्रमांकाच्या एका मुलाने त्याच्या पोटात लाथ मारली, तेव्हा शाळा सुटल्यावर न्यूटनने त्याला आव्हान देऊन हरवले, आणि मग अभ्यासातही त्याला मागे टाकायचे ठरवून तो शाळेत पहिला आला. प्रसंग घडला असावा, पण हुशारी त्यातून उपजली असे म्हणणे मला पटत नाही. या शाळेत मुख्यतः लॅटिन शिकवले जाई, त्यामुळे तिथल्या क्रमांकावरून गणिताच्या बुद्धीचा अंदाज बांधणेच मुळात चुकीचे आहे. (लॅटिन अर्थात वाया गेले नाही, १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘प्रिन्सिपिया’ हा गती व गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ त्याने त्याच भाषेत लिहिला.)

अभ्यासात लक्ष नसण्याला घरची पार्श्वभूमीही होती. त्याचे वडील, त्यांचेही नाव आयझॅकच, शेतकरी होते, त्यांना स्वतःची सही करता येत नसे आणि मुलाच्या जन्मापूर्वी सुमारे तीन महिने ते वारले. न्यूटन तीन वर्षांचा असताना आई हॅना हिने जवळच्या गावचे धर्मगुरू बार्नबस स्मिथ यांच्याशी लग्न केले आणि मुलाला आपल्या आईकडे ठेवून ती तिकडे राहायला गेली. १६६२ मध्ये न्यूटनने सांकेतिक लघुलिपीत आपल्या पापांची यादी लिहिली, तीत आई व सावत्र वडील यांना घरासकट जाळण्याची धमकी दिल्याचा उल्लेख आहे. १६५३ मध्ये स्मिथ वारले आणि आई तीन सावत्र भावंडांसह परतली. स्मिथ यांची बरीचशी कोरी राहिलेली एक जाडजूड वही पुढे न्यूटनच्या हाती आली आणि कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) सुरुवातीची टिपणे त्याने तीतच लिहिली, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा.

बाराव्या वर्षी तो ग्रँथमला गेला आणि क्लार्क नावाच्या औषधविक्रेत्याकडे राहू लागला. मिळालेले पैसे तो हत्यारांवर खर्च करी. गावाजवळ उभारल्या जाणाऱ्या पवनचक्कीचे बांधकाम पाहून त्याने तिची चालती प्रतिकृती बनवली, पाण्यावर चालणारे घड्याळ केले, भिंतींवर सावलीची घड्याळे आखली आणि पतंगाला कंदील बांधून रात्री गावकऱ्यांना घाबरवले. हे उद्योग करणाऱ्या मुलाला ‘ढ’ कोणत्या अर्थाने म्हणायचे?

त्याचे लेखी नोंदलेले अपयश शाळेतले नसून शेतीतले आहे. सोळा-सतरा वर्षांचा असताना आईने शेती पाहण्यासाठी त्याला शाळेतून काढले. पण तो पुस्तकात गढलेला असायचा आणि गुरे दुसऱ्यांच्या पिकात शिरायची. मेंढ्या व डुकरे मोकळी सुटल्याबद्दल आणि कुंपण न राखल्याबद्दल त्याला १६५९ मध्ये स्थानिक न्यायसभेने दंड केल्याची नोंद उपलब्ध आहे. शेवटी मुख्याध्यापक हेन्री स्टोक्स आणि केंब्रिजमध्ये शिकलेले मामा विल्यम आयस्कॉ यांनी आईचे मन वळवले, आणि जून १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तिथे तो इतरांची कामे करून खर्च भागवणाऱ्या गटातला विद्यार्थी होता.

गणिताकडे तो खऱ्या अर्थाने वळला तो इथेच, तेही बरेचसे स्वतःच्या वाचनातून. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ त्याला फारच सोपा वाटला म्हणून त्याने तो बाजूला सारला आणि फ्रेंच गणिती देकार्तची भूमिती हाती घेतली. शिष्यवृत्तीच्या वेळी केंब्रिजमधले गणिती आयझॅक बॅरो यांनी नेमके युक्लिडवरच प्रश्न विचारले आणि न्यूटनला नीट उत्तरे देता आली नाहीत, असे सांगतात. तरीही १६६४ मध्ये त्याला ती शिष्यवृत्ती मिळाली. आणि १६६९ मध्ये बॅरो यांनी सोडलेल्या केंब्रिजमधील गणिताच्या ‘ल्युकेशियन’ प्राध्यापकपदावर याच विद्यार्थ्याची नेमणूक झाली.