सात वर्षांच्या मुलीचा बॅलेसाठी स्टेज मेकअप आईने घरी कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे, उन्हाळी शिबिराच्या शेवटी मे महिन्यात तिचा पहिला बॅले आहे, आणि मेकअप आईनेच करायचा असं क्लासमधून कळवलंय. मी नागपुरात नाटकांची आणि नाचाच्या कार्यक्रमांची रंगभूषा करते. माझा हात बसला तो झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांवर.

आधी रंगाचं बोलते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. फाउंडेशन मुलीच्या मानेच्या रंगाचंच घ्या, एक छटाही उजळ नको. एकदा शिक्षिकेने सगळ्या पोरींना 'परीसारखं गोरं' करायला सांगितलं आणि मी ऐकलं. दिवे लागले तशा सावळ्या पोरी राख फासल्यासारख्या दिसायला लागल्या. चेहरा एका रंगाचा, मान आणि हात दुसऱ्या. विंगेत एकीने माझा हात धरून विचारलं, "मावशी, आई मला ओळखेल ना?" त्यानंतर मी कुणाचंही ऐकून लेकराला गोरं केलेलं नाही. बॅलेत तर मान, खांदा आणि हात मिळून एक लांब रेघ दिसायला हवी; चेहरा वेगळ्या रंगाचा झाला की ती हनुवटीपाशीच तुटते. 2018 साली लंडनच्या फ्रीड कंपनीने सावळ्या आणि काळ्या नर्तकांसाठी तपकिरी रंगाचे पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायचे बूट काढले, ते याच रेघेसाठी. आपण नागपुरात बसून लेकीला पांढरं कशाला करायचं?

मग मेकअप लागतोच कशाला? समोरून पडणारा झगझगीत दिवा चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतो. नाक, डोळे, गाल सगळं सपाट होतं आणि मागच्या रांगेतून काहीच कळत नाही. त्या पुसलेल्या सावल्या परत काढायच्या, एवढंच आपलं काम.

फाउंडेशन हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरतं. स्पंज भिजवून घट्ट पिळा आणि थोपटत लावा, घासू नका. कानाच्या पाळ्या आणि मान विसरू नका. वरून पावडर थोडीच, आणि ती लावताना मुलीला श्वास धरायला सांगा.

जास्त वेळ डोळ्यांना द्या. "डोळे मीट" म्हटलं की पोरी डोळे गच्च आवळतात, पापणीला सुरकुत्या पडतात आणि रेघ वाकडी जाते. त्याऐवजी "स्वतःच्या गुडघ्यांकडे बघ" म्हणा, पापणी आपोआप सैल खाली येते. करंगळी तिच्या गालावर टेकवा, म्हणजे ती हलली तरी हात तिच्यासोबतच हलेल. पापणीच्या खळगीच्या जरा वर, बाहेरच्या बाजूला तपकिरी छटा द्या. वरच्या पापणीवर काळी रेघ, बाहेर किंचित उचललेली. खालची रेघ तपकिरी, आणि ती पापणीच्या केसांना चिकटून नको, थोडी खाली. मधे त्वचेची बारीक पट्टी मोकळी ठेवा. ती पट्टी लांबून डोळ्याच्या पांढऱ्यात मिसळते आणि डोळा मोठा दिसतो. भरतनाट्यमसारखं जाड काजळ इथे नको. डोळ्याच्या आत तर काहीच घालू नका; काही सुरम्यांत शिसं असतं. खोट्या पापण्याही या वयात नकोत. आणि दुसऱ्या मुलीचा मस्कारा किंवा लायनर आपल्या मुलीला लावू नका, डोळे येतात.

गालावरची लाली जवळून पाहताना तुम्हाला भडक वाटेल. वाटू द्या. ओठांना गुलाबीसर लाल, पण खाणंपिणं उरकल्यावर.

सगळं सामान आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. खाज किंवा लाली आली तर ती वस्तू बाद.

आता क्रम. अंबाडा आधी, जेल आणि स्प्रेसकट, कारण स्प्रे मेकअपवर उडाला की डाग पडतात. जाळी लावा, आकडे नीट खोचा, टोक टाळूला टोचत नाही ना हे तिलाच विचारा. मेकअपच्या वेळी समोर बटणं असलेला बाबांचा जुना शर्ट घाला, म्हणजे डोक्यावरून काढावा लागणार नाही. बॅलेचा ड्रेस पायांतून वर चढतो, त्यामुळे तो शेवटी घातला तरी चालतो.

आणि घरून मेकअप करून निघू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास, गाडीवर तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय जाता येत नाही. हॉलपर्यंत पोहोचेस्तोवर अर्धा मेकअप दुपट्ट्याला लागलेला असतो. हॉल देशपांडे सभागृह असो की रेशीमबागचं सुरेश भट, तासभर आधी जा आणि ग्रीनरूममध्येच करा. झाल्यावर तिला स्टेजवर उभी करून शेवटच्या रांगेत जाऊन बघा. डोळे दिसले नाहीत, तर परत येऊन रेघ थोडी जाड करा.

रात्री कितीही झोप आली असली तरी तसंच झोपू देऊ नका. कापसावर खोबरेल तेल घेऊन मिटलेल्या डोळ्यावर दहा मोजेपर्यंत ठेवा, मग वरून खाली पुसा. अंबाड्याचे आकडे मोजून काढा, एखादा हमखास उशीवर सापडतो.